तोफेतली एक वीत

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. देवाजवळही नाही — देवाला ठाऊकच असेल म्हणून नव्हे. देवळात आपल्या शेजारी गावातलं कुणीतरी उभं असतं म्हणून. ओठ हलले तरी कुणी वाचील अशी भीती. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं जात नाही. हात आत्ताही थांबतो आहे.

आधी गावाचं सांगतो. तेवढं सांगताना भीती वाटत नाही.

आमचं तोरणखेड घाटाखालचं. शहर म्हणावं की गाव, यावर आमच्या पारावर अजून वाद चालतो. कमिटी आहे, दवाखाना आहे, कापसाचं जिन आहे, आठवडी बाजाराला रोहिणखेडपासून गाड्या येतात — आणि तरी सांज झाली की रस्त्याला गाईंचाच हक्क. पण एक गोष्ट आमच्याजवळ अशी आहे की भल्या मोठ्या शहरांजवळ नाही. आमचं गाव कधी वसलं ते आम्हाला ठाऊक आहे. माघातली सप्तमी. साल नाही सांगता येत, तिथी सांगता येते.

गोष्ट अशी सांगतात. कुण्या सरदाराची तोफ बैलगाडीवरून घाट उतरत होती. वेशीपाशी आज जिथं चिंच आहे तिथं तिचं चाक रुतलं. बैल बसले ते उठेनात. सरदार चिडला, तोफ तिथंच टाकून निघून गेला. मागं दोन माणसं ठेवली. एक गोलंदाज, एक राखणदार. सरदार परत आलाच नाही. ती दोन माणसं राहिली, त्यांनी बायका आणल्या, विहीर खणली, आणि गाव झालं. इतकंच. लढाई नाही, राजा नाही. रुतलेलं चाक. आम्हाला त्याचाच अभिमान.

त्या दोघांची घरं अजून आहेत. गोलंदाजाचं घर किसनभाऊचं. राखणदाराचं माझं.

दर सप्तमीला तोफेचा बार होई. आदल्या दिवशी सकाळी किसनभाऊनं तोफ धुवायची, उन्हात वाळू द्यायची, तोंडाला लाकडी बूच मारायचं आणि निघून जायचं. तिथून पुढं दुसऱ्या दिवशीपर्यंत राखण माझी. सप्तमीला सगळं गाव वेशीत जमलं की किसनभाऊ बूच काढी, लोखंडी गज नळीत घाली. गजावर तांब्याच्या तारेची खूण गुंडाळलेली. नळी रिकामी असली की ती खूण बरोबर तोफेच्या ओठाशी येते. मग तो माझ्याकडे वळून मोठ्यानं विचारी, “राखणदार, तोफ कशी?” आणि मी तोफेवर हात ठेवून म्हणायचं, “जशी ठेवली तशी.” असं तीनदा. तिसऱ्यांदा म्हटलं की विषय संपला. त्यानंतर गोलंदाजानं नळीत पुन्हा बघायचं नाही. बघितलं तर त्याचा अर्थ राखणदार खोटा — आणि राखणदार खोटा ठरला तर त्याच्या घराचा मान गेला, तो कायमचाच.

आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणत, राखणदाराची जीभ फिरली तर गाव फिरलं. लहानपणी मला याचं हसू येई.

किसनभाऊ माझ्याहून थोडा मोठा. दांडगा, बोलका, थट्टेखोर. पेरणीला त्याचे बैल माझ्या वावरात आणि माझे त्याच्या. माझं लग्नही त्यानंच जुळवलं. मुलगी बघायला तोच पुढं होता आणि मी मागं. लोक म्हणत, दत्ताचं तोंड किसनच्या चेहऱ्याला लावलेलं आहे. मी मुळात कमी बोलणारा. ते कमी बोलणं पुढं मला फार उपयोगी पडलं.

एका वर्षी बार अगदीच बसका झाला. दारू दमट असावी. धूर पुष्कळ, आवाज नाही. माझे साळे पाहुणे म्हणून आलेले, रोहिणखेडच्या वाटेवर त्यांचं गाव. जेवताना धाकटा साळा म्हणाला, “का हो जावईबापू, तुमची तोफ शिंकली का खोकलली?” पंगत हसली. किसनभाऊही हसला, पोट धरून हसला, म्हणाला, “पडसं झालं व्हतं तिले!” त्याला हसता आलं. मला नाही आलं. मी भरल्या पंगतीत बोलून गेलो — आयुष्यात क्वचित बोललो ते हे — “पुढच्या सप्तमीले आपल्या घरच्या वसरीत बसून आइका. नाही आइकू आला तं मिशी उतरवीन.”

एवढंच. याहून मोठं कारण नाही. तुम्ही मोठं कारण शोधाल म्हणून आधीच सांगतो.

पुढचं वर्ष गावाला थोरलं होतं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेल्यापासून आमच्या आडबाजूच्या गावात मोठा साहेब कधी फिरकला नव्हता. त्या साली डिप्टी कमिशनर साहेबांचा मुक्काम आमराईत पडला आणि आमच्या सप्तमीला येतो म्हणाले. वेशीला पताका, गढीतली गंजकी तलवार घासूनपुसून मांडलेली, शाळेच्या मुली पाणी शिंपडून रांगोळ्या घालतायत. आणि माझे साळे — त्यांनी निरोप धाडला, आम्ही दोघं तिथं येतो, म्हातारीला — म्हणजे माझ्या सासूला — वसरीत बसवून ठेवतो.

आदल्या दिवशीची दुपार. किसनभाऊ तोफ धुवून, बूच मारून घरी गेलेला. लोक जेवायला पांगले. ऊन असं स्वच्छ की चिंचेच्या शेंगा मोजाव्यात. वेशीत मी एकटा.

रानडुकरं हाकलायला म्हणून मी आतषबाजीवाल्याकडून बंदुकीची दारू आणून ठेवली होती. खरंच डुकरांसाठी आणली होती का? नाही. आणतानाच ठाऊक होतं. बूच काढलं. दारू ओतली. वर चिंधीचा बोळा दाबला. बूच जसं होतं तसं बसवलं. कुणी पाहिलं नाही. हात धुतले आणि तोफेला टेकून बसलो, जशी राखण करतात तसा.

भीती वाटली का? तेव्हा नाही वाटली. तेव्हा मी मनात सासूच्या वसरीतला आवाज ऐकत होतो. किसनभाऊ दारूची नेहमीची दोन मापं भरील, खाली माझं थोडं असेल, आवाज दणकून होईल, त्याचंही नाव होईल. अशी मी मनाची समजूत घातली. त्याचंही नाव होईल — हे विशेषकरून घातलं.

सप्तमीला किसनभाऊ नवा फेटा बांधून आला. साहेब खुर्चीवर. माझे साळे पहिल्या रांगेत, दात काढून. किसनभाऊनं बूच काढलं, गज घातला.

गज अडला.

तांब्याची खूण ओठाशी आली नाही. बाहेर राहिली — एक वीत. लोकांना काय दिसणार? त्याला दिसली. मला दिसली. त्यानं गज थोडा दाबून पाहिला, मग माझ्याकडं वळून नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, “राखणदार, तोफ कशी?”

“जशी ठेवली तशी.”

दुसऱ्यांदा विचारायच्या आधी तो जवळ आला. फेट्याचा शेमला सारखा करायच्या मिषानं. आणि हळूच — रीत म्हणून नव्हे, मला म्हणून — बोलला, “दत्ता, खरं सांग बे. गज अडून राह्यला. कोनं हात तं नाही लावला?”

इथं मी थांबतो. इतकी वर्षं मी इथंच थांबलो आहे.

त्या वेळी सांगता आलं असतं. मी नळीत दारू घातली, भाऊ, खोटं नाही बोलत — कानात, कुणाला न कळता. तो काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेता, बोळा ओढून काढता. तो तसाच होता. गावाला सांगता, तोफेनं चिमणी गिळली होती. ना मान जाता, ना घर जातं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण साळ्याचे दात समोर होते. साहेबानं घड्याळ काढलं होतं. आणि सगळ्यांत वर हे, की मी एकदा “जशी ठेवली तशी” म्हणून चुकलो होतो.

मी म्हणालो, “नाही, भाऊ.”

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग मान हलवली. मागं सरून दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मी हात ठेवून दोन्ही वेळा सांगितलं. तोफेचं लोखंड थंडीनं गार होतं, माझा तळवा घामानं ओला. त्यानंतर तो नळीत पुन्हा बघणार नव्हता. बघता तर सगळ्या गावासमोर मला खोटा पाडता. म्हणून त्यानं बघितलं नाही. त्याला गजापेक्षा माझा शब्द मोठा वाटला असं नाही हो — त्याला मला खोटं पाडायचं नव्हतं.

त्यानं दोन मापं भरली. बत्ती लावली.

आवाज मला आठवत नाही. उजेड आठवतो, आणि साहेबाचे घोडे खुंटे उपटून पळाले ते. नळी कुशीला फाटली होती. बाकी कुणाला खरचटलंही नाही, कारण रीतीप्रमाणे तोफेजवळ एकटा गोलंदाज उभा असतो. राखणदार मागं सरून उभा असतो. किसनभाऊ चिंचेच्या मुळाशी बसलेला दिसला. दोन्ही हात तोंडावर. त्याची बायको, यमुनावहिनी, बायकांच्या घोळक्यातून धावत आली आणि त्याचे हात तोंडावरून काढू पाहत होती, आणि तो काढू देत नव्हता.

दोन्ही डोळे गेले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात फौजदार त्याचा जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. आता सांगेल, असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं. गज अडल्याचं सांगेल. मला विचारल्याचं सांगेल. त्यानं सांगितलं, “माहंच माप चुकलं असंल, साहेब. दोनाचे तीन झाले असतीन.” फौजदारानं विचारलं, नळीत आधीच काही होतं का? तो म्हणाला, “कसं असंल? राखणदारानं तीनदा सांगतलं.”

मला वाटलं, तो मला वाचवतो आहे. मग त्याच्या पट्टी बांधलेल्या तोंडाकडं पाहिलं, आणि कळलं की नाही — त्याला खरंच तसं वाटतं. तो आपल्या हातावर संशय घ्यायला तयार होता. ते अधिक वाईट होतं.

घरी आलो तर सासूचा निरोप येऊन पडला होता. आवाज आला बरं, जावईबापू. वसरीत बसून ऐकला.

त्यानंतरची माझी वर्षं भीतीची. बाहेरून काही दिसलं नसेल. शेती केली, मुलींची लग्नं केली. पण जिभेला फोड आला की मी आरसा घेऊन बसे. मानमोडीची साथ आली, घरोघर तिरड्या निघाल्या. लोक देवीचा कोप म्हणत, आणि मी रात्रंदिवस एकच मोजत होतो — राखणदाराची जीभ फिरली तर गाव फिरलं. माझ्याच घरात कुणी गेलं नाही. तेही भीतीचंच. वाटे, माझ्यासाठी काही वेगळं ठेवलं असेल.

किसनभाऊनं बार उडवायचा मान आपणहून सोडला. तोफ फुटलेलीच होती, पण सवाल-जबाब गावानं चालू ठेवला; सवाल मात्र आंधळा झाल्यावरही किसनभाऊच करी. म्हणे, “हाताचा मान गेला, तोंडाचा तं हाये!” म्हणून दर सप्तमीला वहिनी त्याला धरून वेशीत आणी, तो रिकाम्या डोळ्यांनी माझ्या दिशेला वळे आणि विचारी, “राखणदार, तोफ कशी?” आणि फुटक्या तोफेवर हात ठेवून मी गावासमोर म्हणे — काय म्हणे ते तुम्हाला ठाऊक आहे. तीनदा. दर वर्षी. एक खोटं माणूस एकदा बोलतो. मला ते नेमानं बोलावं लागलं.

आणि त्याला एक सवय लागली. कुठंही बसला की वीत मोजायची. खाटेच्या कडेवर, बैलगाडीच्या कठड्यावर, हातातल्या काठीवर — अंगठा आणि करंगळी ताणून एक वीत. लोकांना वाटे आंधळ्याचा चाळा. मी उठून जाई.

यंदा कमिटीनं सप्तमी थाटात करायचं ठरवलं. गावाचा इतिहास नव्या पिढीला कळावा, म्हणून वेशीत तोफेजवळ दगड बसवायचा. गाव कसं वसलं ते त्यावर कोरायचं आणि शेवटी एक ओळ: गोलंदाज किसन यांच्या हातून माप चुकल्यामुळे ही तोफ फुटली. शाळेचे नवे मास्तर बिचारे संकोचून त्याला विचारायला गेले. तो खदखदा हसला. “कोरा ना मास्तर. दगडावर नाव लागते, अजून काय पायजे? मले तं वाचाचं बी काम नाही!”

ते ऐकून मी त्याच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो. शपथ घेत नाही — माझ्या शपथेची किंमत तुम्हाला ठाऊक झाली आहे. वहिनी अंगणात तुरी झोडपत होती. तो खाटेवर, मांडीवर तोफेचा तोच जुना गज. पाऊल ऐकून म्हणाला, “ये दत्ता. काऊन उभा राह्यला?”

मी बसलो. तोंड उघडलं. त्याच वेळी तो म्हणाला, “मले एक सांग. माही बोटं आता आखडली. तुही वीत केवढी रे?” त्यानं माझा हात धरला आणि गजावर ठेवला, तांब्याच्या तारेपासून पुढं. बोटं स्वतःच ताणून दिली. मग माझ्या करंगळीच्या टोकाशी आपला अंगठा टेकवला.

“बस,” म्हणाला. “एवढीच व्हती.”

वहिनीच्या काठीचा आवाज चालू होता. पुष्कळ वेळानं त्यानं माझा हात सोडला आणि वहिनीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मी चहा प्यालो. हो, प्यालो.

सप्तमी झाली. दगडावर पताका टाकलेली, मुलींनी गाणं म्हटलं, भाषणं झाली. वहिनीनं त्याला आणून उभं केलं. “राखणदार, तोफ कशी?” मी उत्तर दिलं. दुसऱ्यांदा — दिलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना. खरं बोलायचं म्हणून नव्हे. मी ठरवून गप्प राहिलो असं कुणी मानू नये. जीभ टाळूला चिकटली, इतकंच. गाव वाट पाहत होतं. मी सांगू शकलो असतो. ती शांतता तेवढीच लांब होती.

मग किसनभाऊच मोठ्यानं हसला. “थंडीनं घसा बसला हो राखणदाराचा! पन मी आइकलं. जशी ठेवली तशी म्हन्ते!” लोक हसले. वाजंत्री सुरू झाली. दगडावरची पताका ओढली. वहिनीला वाचता येत नाही; तिनं हात जोडले.

तो दगड आता वेशीत आहे. अक्षरं खोल कोरली आहेत, चांगली टिकतील.

हे मी माझ्या नावानिशी छापायला देतो आहे. आमच्या गावात हे साप्ताहिक पारावर मोठ्यानं वाचतात, आणि त्या वेळी किसनभाऊ तिथंच बसलेला असतो. त्या दिवसाची मला भीती वाटते. हे लिहून ती कमी झाली नाही.

माप दोनच होतं. त्याच्या हातून काही चुकलं नाही. गज एक वीत अडला होता. ती वीत माझी होती.

— दत्ताजी राखे, राखणदार, तोरणखेड